बँड गॅप कमी करण्याच्या मागे लागू नका: सौर सेलसाठी पॉलिमर रचण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांना सेंद्रिय सौर सेलसाठी नवा संयुग्मित (एकेरी-दुहेरी बंध आळीपाळीनं असलेला) पॉलिमर रचायचा आहे. त्यांच्या मॅडमनी विचारलंय की बँड गॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा) कमी केला की कार्यक्षमता वाढते का, रेणूत नेमकं कुठे काय बदलायचं, ग्लोव्हबॉक्स (हवा-पाणी नसलेली बंद पेटी) नसताना यातलं काय जमेल, आणि आपल्याकडच्या उन्हात असा सेल टिकेल का. प्रयोगशाळेत रोटरी इव्हॅपोरेटर, यूव्ही-व्हिजिबल, नायट्रोजनचा सिलिंडर, ओव्हन आणि एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर आहे.

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, वाढतेच असं नाही. गॅप कमी केला की प्रकाश जास्त शोषला जातो हे खरं, पण कार्यक्षमता हा तीन आकड्यांचा गुणाकार आहे: ओपन सर्किट व्होल्टेज, शॉर्ट सर्किट करंट डेन्सिटी आणि फिल फॅक्टर (पहिल्या दोघांच्या गुणाकारातला किती हिस्सा प्रत्यक्ष शक्ती म्हणून मिळतो तो). चाचणीचा प्रकाश चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट असतो, म्हणून हा गुणाकार थेट टक्क्यांतच येतो. पीएम६ पॉलिमर आणि वाय६ हा ॲक्सेप्टर (इलेक्ट्रॉन घेणारा रेणू) यांचा २०१९ मध्ये गाजलेला सेल घ्या: ०.८३ व्होल्ट, २५.३ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर ०.७४८. गुणाकार १५.७ टक्के. जुन्या पी३एचटी (पॉलिमर) आणि पीसीबीएम (फुलरीनचा ॲक्सेप्टर) या जोडीत साधारण ०.६ व्होल्ट, १० मिलिअँपिअर आणि ०.६५ मिळतात, म्हणजे ४ टक्क्यांच्या आतबाहेर. आता दोन्ही पॉलिमरचे बँड गॅप बघा. पी३एचटीचा सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, पीएम६चा सुमारे १.८. पॉलिमरचा गॅप जवळपास होता तिथंच राहिला आणि कार्यक्षमता चौपट झाली.

याचं कारण ॲक्सेप्टरमध्ये आहे. पीसीबीएम दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे त्या काळात सगळा प्रकाश पॉलिमरनंच गोळा करायचा होता आणि १.४ ते १.६ गॅपचे पॉलिमर करण्याची शर्यत लागली होती. तुमच्या हातात पडलेले बरेचसे जुने शोधनिबंध त्या शर्यतीतले असणार. २०१५ मध्ये आयटीआयसी आणि २०१९ मध्ये वाय६ हे फुलरीन नसलेले ॲक्सेप्टर आले आणि कामाची वाटणी बदलली. वाय६चा गॅप १.३३ आहे, तो ६०० पासून ९३० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश स्वतःच घेतो. मग पॉलिमरनं ४५० ते ६५० चा पट्टा नीट घ्यायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपला होमो (इलेक्ट्रॉन असलेली सर्वांत वरची ऊर्जापातळी) खाली ठेवायचा. १.८ ते २.० गॅपचा डोनर (इलेक्ट्रॉन देणारा पॉलिमर) ही आजची योग्य मागणी आहे. २०२० च्या डी१८ पॉलिमरनं वाय६बरोबर १८.२२ टक्के दिले, तोही याच जातीचा, रुंद गॅपचा.

होमोचं गणित सोपं आहे आणि विद्यार्थ्यांकडून तोंडपाठ करून घ्यावं असं आहे. शार्बर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फुलरीनच्या सेलसाठी ढोबळ सूत्र दिलं: डोनरचा होमो आणि ॲक्सेप्टरचा ल्युमो (सर्वांत खालची रिकामी पातळी) यांतलं अंतर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये घ्या, त्यातून ०.३ वजा करा, येईल ते व्होल्टेज. म्हणजे बाकी सगळं सारखं राहिलं तर होमो ०.१ नं खाली गेला की साधारण ०.१ व्होल्ट पदरात पडतो. पण खाली ढकलण्याला मर्यादा आहे. वाय६चा स्वतःचा होमो सुमारे -५.६५ आहे. पॉलिमरचा होमो त्याच्याही खाली गेला तर ॲक्सेप्टरवर तयार झालेलं होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धन जागा) पॉलिमरकडे यायलाच तयार होत नाही, आणि व्होल्टेज छान दिसत असताना करंट कोसळतो. म्हणून वाय६ कुळासाठी -५.४ ते -५.५५ या पट्ट्यात राहा.

सूत्रातला तो ०.३ चा आकडा दगडावरची रेघ नाही. त्यातला मोठा वाटा प्रकाश न देता होणाऱ्या पुनर्मीलनाचा (इलेक्ट्रॉन आणि होल परत जुळण्याचा) असतो. सेलला बाहेरून वीज देऊन तो किती उजळतो ते मोजलं तर हा वाटा कळतो: प्रकाश देण्याची क्षमता दसपट घटली की व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टनं घटतं. ही मोजणी तुमच्याकडे होणार नाही. पण अशुद्ध पॉलिमर, उत्प्रेरकातून उरलेलं पॅलेडियम आणि साखळीतले दोष नुकसान करतात ते याच वाटेनं, एवढं लक्षात असू द्या. पुढे शुद्धीकरणावर मी एवढा भर का देतोय ते त्यावरून कळेल.

होमो खाली आणायचे मार्ग ठरलेले आहेत. फ्लोरीन हा पहिला. पीबीडीबी-टी या पॉलिमरच्या बेंझोडायथायोफीनवर बाजूला लोंबणाऱ्या थायोफीनला एकेक फ्लोरीन लावला की पीएम६ होतो आणि होमो सुमारे ०.१ नं खाली येतो. फ्लोरीन आकारानं लहान, त्यामुळे साखळीत अडचण करत नाही. उलट शेजारच्या थायोफीनच्या गंधकाशी त्याचं आकर्षण असल्यानं साखळी सपाट ठेवायला मदतच करतो. क्लोरीन स्वस्त पडतो, लावायलाही सोपा, आणि होमो फ्लोरीनइतकाच किंवा थोडा जास्त खाली नेतो. पण तो मोठा आहे, आणि नवे लोक नेमके इथेच फसतात. लोंबत्या थायोफीनवर क्लोरीन बसवला तर बिघडत नाही, पीएम७ तसाच बनलाय. तोच क्लोरीन मुख्य साखळीत, दोन कड्या जुळतात त्या जोडाच्या शेजारी बसवला, तर तो शेजारच्या कडीला धक्का देऊन साखळी पिळतो. साखळी पिळली की संयुग्मन तुटतं, शोषण निळ्याकडे सरकतं, चार्ज वाहणं मंदावतं. कागदावर दोन्ही रेणू सारखेच देखणे दिसतात.

सपाटपणाचा विचार करताना कडीचा आकार बघा. बेंझीनला बेंझीन जोडलं की शेजारचे हायड्रोजन एकमेकांना भिडतात आणि ३५-४० अंशांचा पीळ पडतो. पाच-कडीचं थायोफीन मध्ये घातलं की जागा मोकळी होते. म्हणून यशस्वी डोनर पॉलिमरमध्ये जिथे तिथे थायोफीन दिसतं. इलेक्ट्रॉन देणारी कडी आणि ओढणारी कडी आळीपाळीनं ठेवायची ही डोनर-ॲक्सेप्टर रचना तुम्हाला माहीत असेलच. फक्त ओढणारी कडी फार जोरकस घेऊ नका. डायकीटोपायरोलोपायरोलसारखी घेतली की गॅप १.४ च्या आसपास जातो, आणि आता तो नकोय. क्विनॉक्सालिन, बेंझोट्रायझोल, एस्टर लावलेलं थायोफीन अशी मध्यम ओढीची कडी बरी.

साइड चेनकडे (मुख्य साखळीला बाजूनं लटकणाऱ्या शेपट्यांकडे) बहुतेक जण विरघळवणारा पदार्थ म्हणून बघतात आणि शेवटी घाईत ठरवतात. माझ्या मते निम्मी रचना तिथेच असते. साइड चेन सरळ आणि आखूड ठेवली तर पॉलिमर बाटलीतच गोळा होतो. फार लांब, फांद्यांची ठेवली तर फिल्मचा मोठा भाग वीज न वाहणाऱ्या चरबीसारख्या हायड्रोकार्बननं भरतो आणि साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात. २-एथिलहेक्झाइल, २-ब्युटिलऑक्टाइल, २-हेक्झाइलडेसाइल या चढत्या क्रमानं विद्राव्यता वाढते. फांदी जिथे फुटते तो कार्बन मुख्य साखळीपासून एका जागेनं लांब नेला तर साखळ्या जवळ येतात. कसोटी अशी ठेवा की पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये ४० अंशांपर्यंत तापवून मिलिलिटरला निदान ८-१० मिलिग्रॅम विरघळला पाहिजे आणि थंड केल्यावर तासभर तरी जेली होऊ नये.

आणखी एक तपासणी तुमच्याच यूव्ही-व्हिजिबलवर होते, आणि ती करणारे फार कमी दिसतात. क्लोरोबेंझीनमध्ये मिलिलिटरला ०.०२ मिलिग्रॅम द्रावण करा, क्युव्हेट होल्डरला गरम पाण्याची नळी जोडा आणि २५ पासून ९० अंशांपर्यंत दर १० अंशांना स्पेक्ट्रम घ्या. लाल बाजूचा खांदा तापमानाबरोबर हळूहळू खाली येऊन शिखर निळ्याकडे सरकलं, तर पॉलिमर द्रावणातच गठ्ठे करतोय आणि तापवल्यावर ते सुटतात. हे लक्षण चांगलं: गरम द्रावणातून फिल्म टाकायची आणि गठ्ठे फिल्म वाळताना होऊ द्यायचे. काहीच हललं नाही तर दोन शक्यता. एकतर पॉलिमर अजिबात गठ्ठे करत नाही, मग फिल फॅक्टर कमी येईल. नाहीतर गठ्ठे इतके घट्ट आहेत की ९० अंशांनाही सुटत नाहीत, मग फिल्म खडबडीत येईल. कुठली शक्यता खरी ते द्रावणाचं शिखर आणि वाळलेल्या फिल्मचं शिखर शेजारी ठेवून कळतं. पहिल्यात फिल्म बरीच लालकडे जाते, दुसऱ्यात दोन्ही जवळपास सारखी.

गठ्ठ्यांचा एवढा विचार करण्याचं कारण एक्झिटॉन. सेंद्रिय पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३-४ असतो, त्यामुळे प्रकाशानं तयार झालेले इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि जेमतेम १० नॅनोमीटर भटकून मरतात. फिल्म मात्र प्रकाश शोषायला १०० नॅनोमीटर तरी लागते. म्हणून डोनर आणि ॲक्सेप्टर एकत्र कालवून फिल्म टाकतात. कपाशीत तुरीच्या ओळी घेतो तसं समजा: दोन्ही पिकं एकमेकांना लागून हवीत, पण प्रत्येकाची ओळ आपापल्या धुऱ्यापर्यंत सलग गेली पाहिजे. ओळी फार रुंद झाल्या तर एक्झिटॉन सीमेवर पोचत नाही, फार बारीक मिसळण झाली तर चार्ज वाटेत अडकून परत जुळतो. पहिल्यात करंट घटतो, दुसऱ्यात फिल फॅक्टर.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात कॉम्प्युटरवर करा. ओर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक कामाला मोफत मिळतं, रेणू काढायला ॲव्होगाड्रो. पायाभूत रेणू म्हणून मी पीटीक्यू१० सुचवीन. थायोफीन आणि दोन फ्लोरीन लावलेलं क्विनॉक्सालिन, त्यावर ऑक्सिजनमधून जोडलेली २-हेक्झाइलडेसाइल साखळी, एवढाच तो आहे. २०१८ मध्ये यॉन्गफांग ली यांच्या गटानं तो दिला, पॉलिमर दोनच पायऱ्यांत होतो, एकूण उतारा ८७.४ टक्के, आणि तेव्हाच्या ॲक्सेप्टरबरोबर १२.७ टक्के कार्यक्षमता. पुढे वाय६ कुळाबरोबर तो १६ च्या वर गेला. पीएम६ किंवा डी१८च्या मोनोमरना बऱ्याच जास्त पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीचा उतारा गुणला जातो. आठ पायऱ्या प्रत्येकी ८० टक्के घेतल्या तर हातात १७ टक्के उरतं.

साइड चेनच्या जागी मिथाइल ठेवा, नाहीतर कॉम्प्युटर चरबीचं गणित करत बसेल. तीन एककांची साखळी घ्या, बी३एलवायपी आणि ६-३१जी डी-पी या गणिताच्या जुन्या जोडीनं आकार स्थिर करा, मग थायोफीन-क्विनॉक्सालिन जोडाचा कोन ० पासून १८० अंशांपर्यंत १५-१५ नं फिरवून ऊर्जा काढा. रूपं अशी घ्या: फ्लोरीन नसलेलं, एक फ्लोरीन, दोन फ्लोरीन, दोन क्लोरीन, आणि थायोफीनऐवजी थायझोल. इथे फ्लोरीन जोडाच्या लगतच बसतात, त्यामुळे क्लोरीनच्या रूपात वर सांगितलेला पीळ विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल. आलेले होमो जसेच्या तसे खरे मानू नका. पी३एचटी आणि पीटीक्यू१० यांचे मोजलेले आकडे माहीत आहेत, तेही याच पद्धतीनं काढा आणि फरक किती पडतो ते बघून बाकीचे दुरुस्त करा. साखळी दोन, तीन, चार एककांची करून आकडे १ भागिले लांबी या अक्षावर मांडले तर लांब साखळीचा अंदाज येतो. लाईन जाणार हे धरूनच चाला: यूपीएस लावा, आणि ओर्काची जीबीडब्ल्यू फाइल व शेवटचा आकार जपून ठेवा. त्यावरून गणित मधूनच पुन्हा सुरू करता येतं, पहिल्यापासून करावं लागत नाही.

संश्लेषणाकडे आलं की हात आवरावा लागतो. हे डोनर-ॲक्सेप्टर पॉलिमर बहुतेक स्टिली जोडणीनं होतात: एका मोनोमरवर दोन टिन, दुसऱ्यावर दोन ब्रोमीन, प्रत्येकी ०.२ मिलिमोल, ५ मिलिलिटर कोरडं टोल्युइन, २ मोल टक्के ट्रिस-डायबेंझिलिडीनॲसिटोन-डायपॅलेडियम, ८ मोल टक्के ट्राय-ऑर्थो-टोलिलफॉस्फीन, ११० अंश, १२ ते ४८ तास. लिहायला एवढंच. पण ट्रायमिथाइलटिनची संयुगं मज्जासंस्थेला घातक आहेत, ट्रायमिथाइलटिन क्लोराइड तर सहज उडतं, आणि प्रत्येक जोडणीत तेच किंवा त्याचा भाऊबंद बाहेर पडतो. चांगला फ्यूमहूड आणि टिनच्या कचऱ्याची सोय नसताना एम.एस्सी.च्या मुलांना हे करायला लावू नये. पीटीक्यू१०ची शेवटची पायरीसुद्धा अशीच आहे, म्हणून तो गणितापुरता ठेवा. तशी गरज पडलीच तर शेवटची जोडणी मोठ्या संस्थेत करून घ्या.

तिथेही एक गोष्ट तुमच्याच हातात राहते, ती म्हणजे मोनोमरची शुद्धता आणि वजन. कॅरोदर्सचं समीकरण फळ्यावर सोडवून दाखवा. दोन मोनोमर तंतोतंत सारखे आणि अभिक्रिया ९९ टक्के पूर्ण झाली तर साखळी सरासरी १०० कड्यांची. एक मोनोमर २ टक्के कमी पडला तर तीच साखळी ५० वर येते. ०.२ मिलिमोल म्हणजे १००-२०० मिलिग्रॅम, त्याचे २ टक्के म्हणजे २-४ मिलिग्रॅम. बटर पेपरला चिकटून तेवढं सहज जातं. शोधनिबंधात एकाच नावाच्या पॉलिमरची कार्यक्षमता वेगवेगळी दिसते त्याचं मोठं कारण हेच: नाव एक, पण रेणुभार १५ हजार, ४० हजार, ९० हजार. कमी रेणुभाराचा पॉलिमर चार्ज नीट वाहत नाही, अती जास्तीचा गाळणीतून जात नाही. रचना चुकली असं ठरवण्याआधी रेणुभार बघा.

तुमच्याकडे हातानं करायचा पॉलिमर म्हणजे पी३एचटी, ग्रिग्नार्डच्या वाटेनं. जुना आहे, पण साखळीची लांबी उत्प्रेरकाच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे रेणुभार बदलून परिणाम बघायला याच्यासारखा दुसरा नाही. २,५-डायब्रोमो-३-हेक्झाइलथायोफीन ३.२६ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल, १०० मिलिलिटर कोरड्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये नायट्रोजनखाली घ्या. ते कोरडं करायला सोडियम-बेंझोफिनोनची भट्टी लावू नका. ३ अँगस्ट्रॉमच्या ताज्या तापवलेल्या मॉलिक्युलर सिव्ह १०० मिलिलिटरला २० ग्रॅम टाकून तीन दिवस ठेवलं की पुरतं. ० अंशाला आयसोप्रोपिलमॅग्नेशियम क्लोराइड-लिथियम क्लोराइडचं १.३ मोलर द्रावण ७.५ मिलिलिटर थेंबथेंब सोडा. ते मुद्दाम १० मिलिमोलपेक्षा जरा कमी आहे, कारण उरलेलं ग्रिग्नार्ड वाढत्या साखळीचं टोक मारतं. बाटलीवरच्या १.३ वर विश्वास ठेवू नका, आयोडीननं टायट्रेट करा. तासाभरानं थोडा नमुना पाण्यात टाकून गॅस क्रोमॅटोग्राफीवर ब्रोमीन-मॅग्नेशियमची अदलाबदल पूर्ण झाली का बघता आलं तर उत्तम. मग निकेल-डीपीपीपी-डायक्लोराइड ५४ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का, एकदम टाका. काही सेकंदांत रंग केशरी-लाल होतो. २० मिनिटांनी ५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल एकाच वेळी ओता. मिथेनॉल किंवा पाण्यानं थांबवलं तर दोन साखळ्या टोकाला टोक लावून जुळतात आणि जेल परमिएशनच्या (रेणुभार मोजायच्या पद्धतीच्या) आलेखात दुप्पट रेणुभाराचा खांदा दिसतो.

१ टक्का उत्प्रेरकाला १०० कड्या, कडीचं वजन १६६, म्हणजे रेणुभार १६-१७ हजार. जेल परमिएशन पॉलिस्टायरीनशी तुलना करतं आणि ताठ साखळीला दीड ते दुप्पट फुगवून दाखवतं, त्यामुळे तिथे २५-३० हजार आले तर घाबरू नका. २ टक्के आणि ०.५ टक्के उत्प्रेरक घेऊन आणखी दोन घाणे काढले की प्रकल्पाला चांगली मालिका मिळते.

रेणुभार लहान आला तर बहुधा मोनोमरमध्ये एकच ब्रोमीन असलेलं २-ब्रोमो-३-हेक्झाइलथायोफीन शिल्लक असतं. ते साखळीचं टोक बंद करतं. निर्वात ऊर्ध्वपातन पुन्हा करा. दुसरा गुन्हेगार पाणी, आणि विदर्भात त्याचा उगम म्हणजे डेझर्ट कूलर. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची हवा कोरडी असते, पण कूलर लावलेल्या खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सहज जाते. ग्रिग्नार्डच्या दिवशी कूलर बंद. त्यापेक्षा हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरका, थंडीही असते आणि हवाही कोरडी.

मिथेनॉलमध्ये पाडलेला पॉलिमर सॉक्सलेटमध्ये आधी मिथेनॉल, मग हेक्झेन आणि शेवटी क्लोरोफॉर्म असा धुवा, प्रत्येकी दिवसभर. मिथेनॉलनं क्षार जातात, हेक्झेननं आखूड साखळ्या, क्लोरोफॉर्ममध्ये येतं ते तुमचं. एनएमआरमध्ये २.८० ला डोकं-शेपटी जोडाचा आणि २.५८ ला डोकं-डोकं जोडाचा संकेत येतो. दोघांच्या क्षेत्रफळावरून नियमितपणा काढा, तो ९५ टक्क्यांवर हवा. पॅलेडियमनं केलेल्या पॉलिमरसाठी सोडियम डायएथिलडायथायोकार्बामेटच्या पाण्यातल्या द्रावणाबरोबर ढवळण्याची एक पायरी वाढवा.

टिनशिवायची दुसरी वाट म्हणजे डायरेक्ट अरायलेशन: पॅलेडियम ॲसिटेट, पोटॅशियम कार्बोनेट, पिव्हॅलिक ॲसिड. पायऱ्या कमी, कचरा कमी. पण थायोफीनच्या बीटा जागेवर चुकीचे जोड होऊन साखळीला फाटे फुटतात. बीटा जागा भरलेले मोनोमर निवडले तर हा त्रास कमी. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी चांगला विषय आहे.

ऊर्जापातळी मोजायला सायक्लिक व्होल्टामेट्री: कार्बन इलेक्ट्रोडवर पॉलिमरची फिल्म, ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.१ मोलर टेट्राब्युटिलअमोनियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट, शेवटी फेरोसीन. फेरोसीनच्या तुलनेत ऑक्सिडेशन ०.७० व्होल्टला सुरू झालं तर होमो -५.५०. यात फेरोसीन -४.८ धरलंय; काही गट -५.१ धरतात, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्यानं काय धरलं ते बघा. बँड गॅप फिल्मच्या शोषणाच्या कडेवरून काढायचा, १२४० भागिले नॅनोमीटर. ६७० ला कड आली तर १.८५.

सेल बनवणं ग्लोव्हबॉक्सशिवाय करू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यावरून पॉलिमरचा निकाल लावू नका. आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेल्या) काचेवर पीडॉट-पीएसएस हा होल वाहणारा थर, १५० अंशांना १५ मिनिटं. त्यावर पॉलिमर आणि पीसीबीएम प्रत्येकी मिलिलिटरला २० मिलिग्रॅम क्लोरोबेंझीनमधून. १४० अंशांना १० मिनिटं. वर निर्वातात धातू. पीएम६-वाय६ची कृती वेगळी: १ ला १.२ प्रमाण, क्लोरोफॉर्ममध्ये मिलिलिटरला एकूण १६ मिलिग्रॅम, अर्धा टक्का १-क्लोरोनॅफ्थलीन, ३००० फेरे. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं आणि मे महिन्यात खोलीच ४० वर असते, त्यामुळे द्रावण पिपेटमध्येच दाट होतं आणि फिल्म कडेला जाड, मध्ये पातळ येते. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास आणखी एक त्रास: हवेतल्या एका तंतूनंही १०० नॅनोमीटरची फिल्म शॉर्ट होते. काच झाकलेल्या पेटीत वाळवा.

कार्यक्षमता मोजायला सेल ज्या संस्थेत द्याल तिथे मास्क लावलेलं क्षेत्रफळ आणि तरंगलांबीनुसार क्वांटम कार्यक्षमता दोन्ही मागा. तिची बेरीज करून येणारा करंट आणि सिम्युलेटरखालचा करंट यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आकडा छापू नका. दुपारच्या उन्हात मल्टीमीटर लावून आलेला टक्का छापायचा तर विषयच नाही. कोणत्या संस्थेत कोणतं उपकरण आहे ते सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर सापडतं.

आता उन्हाळा. चाचणी २५ अंशांना होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४६-४७ अंशांच्या दिवशी उन्हातलं पॅनेल ७० पर्यंत जातं. एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे: सिलिकॉन दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती गमावतं, तर सेंद्रिय सेलमध्ये चार्ज उड्या मारत जातो आणि उष्णतेनं त्या उड्या सोप्या होतात, त्यामुळे तापमानाचा तात्पुरता फटका कमी बसतो. खरा धोका कायमच्या बदलाचा. मिश्रणाचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर ताठ पदार्थ मऊ पडतो ते) पॅनेलच्या तापमानापेक्षा खाली असेल तर लहान रेणू सरकू लागतात. पीसीबीएमचे सुईसारखे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतके वाढतात. उपाय रचनेतच आहे: ॲक्सेप्टरसुद्धा पॉलिमर करायचा, किंवा दोन-तीन लहान रेणू एकत्र बांधून जड करायचे. विदर्भासाठी रेणू रचायचा असेल तर मी कार्यक्षमतेचा एखादा टक्का सोडून काचसंक्रमण वर असलेली जोडी घेईन. उडायला अवघड डायआयोडोऑक्टेनसारखी भर टाळा. ती ३३२ अंशांना उकळते, फिल्ममध्ये राहून जाते आणि पुढे प्रकाशात खोड्या करते. झिंक ऑक्साइडचा थर लावला तर अतिनील प्रकाशात तो वाय६सारख्या ॲक्सेप्टरचे दुहेरी बंध तोडतो, हेही ध्यानात असू द्या.

हे तपासायला सेल लागत नाही. काचेवर मिश्रणाची फिल्म टाका, काही ६५ अंशांना, काही ८५ अंशांना अंधाऱ्या ओव्हनमध्ये, काही गच्चीवर उन्हात. ०, १, ३, ७ आणि ३० व्या दिवशी स्पेक्ट्रम आणि सूक्ष्मदर्शकाचा फोटो. ओव्हनमधल्या फिल्मचा आकार बदलला पण शोषण तेवढंच राहिलं तर रेणू सरकले. गच्चीवरची फिकी पडली तर ऑक्सिजन आणि प्रकाशानं साखळी तुटली. पी३एचटीमध्ये हा हल्ला साइड चेनच्या पहिल्या कार्बनपासून सुरू होतो.

मुलांच्या घरी विचारतील, म्हणून एवढं सांगून ठेवा: वावरातल्या ३ एचपी पंपाला साधारण ३ किलोवॅटचं पॅनेल लागतं आणि ते आज सिलिकॉनचंच घ्यायचं. सेंद्रिय सेलचे १८-२० टक्के चौरस मिलिमीटरांत मोजायच्या तुकड्यावर मिळतात, मोठ्या पॅनेलवर नाही.

नमुने तपासायला पाठवताना पॉलिमर कोरडाच पाठवा, तपकिरी बाटलीत, नायट्रोजन भरून, पॅराफिल्म गुंडाळून. क्लोरोफॉर्मच्या द्रावणात पाठवलात तर वाटेतल्या उष्णतेनं आणि उजेडानं त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, पॉलिमर डोप होतो (आम्लामुळे त्याचे विजेचे गुण बदलतात), आणि तिथल्या माणसाला तुमचा घाणा मुळातच खराब होता असं वाटतं. चिठ्ठीवर घाण्याचा क्रमांक, उत्प्रेरकाचं प्रमाण, सॉक्सलेटचा कोणता भाग आणि शेवटचं वाळवण किती तास, किती अंशांना झालं, हे लिहा.